आठ मिनिटं पन्नास सेकंद

"काढा मला बाहेर! आत्ताच्या आत्ता काढा!"

एमआरआय मशीनच्या बोगद्यातून आरोळी आली आणि त्याच क्षणी माझ्या कॉम्प्युटरशेजारचा भोंगा कोकलायला लागला. मी काचेपलीकडून धावत आत गेले आणि टेबल बाहेर घेतलं. अण्णा मानेवरच्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यासकट उठून बसायला बघत होते. पिंजरा काढला तेव्हा चेहरा घामानं डबडबलेला. पण माझ्याकडे बघत होते ते घाबरून नव्हे, चिडून.

"काय झालं अण्णा? दोन मिनिटांत संपलं असतं की!"

"हेच! हेच ते!" त्यांनी माझ्या नाकासमोर बोट धरलं. "आत घातलंस तेव्हा दोन मिनिटं म्हणालीस. मधे विचारलं तेव्हा दोन मिनिटं म्हणालीस. आणि आता परत दोन मिनिटं! मी आत सहा मिनिटं होतो. सहाच्या वर वीस सेकंद. बघ जाऊन तुझं घड्याळ."

मी तावातावानं बाहेर जाऊन कॉम्प्युटरवर बघितलं. सहा मिनिटं बावीस सेकंद. दोन सेकंद तर मला धावायला लागले होते. मी तशीच परत आत आले आणि पिंजरा उचलून बाजूला ठेवला.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. आमचं स्कॅन सेंटर तसं लहान, पण मशीन चांगलं होतं आणि लोक पार कर्नाटकातनं यायचे. मला तिथं लागून तिसरं वर्ष चालू होतं. मी वैजयंता चौगुले, तेव्हा सव्वीस वर्षांची, तोंडानं फटकळ. पण घाबरलेल्या पेशंटला गोड बोलून आत झोपवण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. "झालंच हं काकू, दोन मिनिटं." "डोळे मिटा, देवाचं नाव घ्या, दोन मिनिटं." अशी दोन-दोन मिनिटं करत मी माणसाला अर्धा तास आत ठेवायचे. बाहेर आल्यावर काकूच म्हणायच्या, "किती गोड बोलते गं!" मला त्याचा फार अभिमान होता. सेंटरचे मालक डॉक्टर सरनोबत नव्या मुलींना सांगायचे, वैजयंताकडून शिका.

आणि त्या दिवशी हा म्हातारा माझी दोन मिनिटं सेकंदांसकट माझ्या पदरात घालून मोकळा झाला.

भूपाल मगदूम त्यांचं नाव. कुपवाडचे. एस.टी.त तेहतीस वर्षं कंडक्टर होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. आठ महिन्यांपासून हाताची बोटं बधिर होत चालली होती आणि गेल्या महिन्याभरात पायही साथ सोडायला लागले होते. मानेत मज्जारज्जू दाबला जातोय असा संशय होता. ऑपरेशन करणारे सर्जन स्पष्ट म्हणाले होते, मानेचा एमआरआय बघितल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. आणि उशीर केलात तर माणूस अंथरुणाला खिळेल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

हे सगळं मला त्यांच्या बायकोनं, पद्माक्कांनी, आल्या आल्याच सांगितलं होतं. उंच, सडसडीत बाई. हातातली फाईल छातीशी धरलेली.

"दोनदा झालं बघ बाई हे. पहिल्यांदा सांगलीला, एका मिनिटात उठून बाहेर. दुसऱ्यांदा झोपेचं इंजेक्शन दिलं, तर ह्यांना दमा, श्वासच अडकला. ऑक्सिजन लावायची पाळी आली. भुलीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहूनच दिलंय, परत इंजेक्शन नाही. आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, आधी फोटोत काय दिसतंय ते बघू. आणि फोटो काही काढू देत नाहीत! आज नाही झालं तर हे पुन्हा यायचे नाहीत. मी ओळखते ह्यांना. चाळीस वर्षं झाली."

"काळजीच करू नका अक्का," मी म्हटलं होतं. "माझ्याकडे आलेला पेशंट कधी परत गेलेला नाही. दोन मिनिटांचं काम."

आता अण्णा टेबलाच्या कडेला पाय सोडून बसले होते आणि पायात चपला चढवायला बघत होते. अंगठा चपलेत जात नव्हता.

तेवढ्यात डॉक्टर सरनोबत दारात आले. "काय वैजयंता? नाही होत? अगं, बाहेर पाच जण बसलेत. ह्यांना जाऊ दे आता, पुण्याला मोठं उघडं मशीन आहे, तिकडं पाठवू."

"पुण्याला मी जाणार नाही," अण्णा म्हणाले.

"अहो, ऐका तरी..." पद्माक्का दारातून म्हणाल्या.

"ऐकलं! आठ महिने ऐकतोय. ह्यानं म्हणायचं काही नाही हो अण्णा. त्यानं म्हणायचं किरकोळ आहे. ही म्हणते दोन मिनिटं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आणि मग माझ्याकडे वळून जरा खालच्या आवाजात, "पोरी, मी तेहतीस वर्षं गाडीवर काढली. मला घड्याळ लागत नाही. सांगली सुटली की जयसिंगपूर कधी येणार ते माझ्या पाठीला कळतं. तू दोन मिनिटं म्हणालीस तेव्हा मी धरून चाललो दोन मिनिटं. दोन झाली, तीन झाली. मग मला वाटायला लागलं, काहीतरी बिघडलंय आणि हे लोक मला सांगत नाहीत. मग कुठला श्वास आणि कुठलं काय!"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. कुणीही आपलं कौतुकाचं कसब असं उघडं पाडलं की रागच येतो. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "मग काय करू? पंचवीस मिनिटं लागतात म्हणून सांगू? ते ऐकलं असतंत तर आत पाऊल तरी ठेवलं असतंत का?"

"पंचवीस?"

"पंचवीस मिनिटं दहा सेकंद."

अण्णांनी चपलेतून पाय काढला. "असं सांग की मग! मधे कुठं कुठं थांबतं?"

"सहा वेळा आवाज होतो. प्रत्येकाची वेळ वेगळी. मधे जरा शांत असतं."

"लिहून दे."

डॉक्टर सरनोबतांनी मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं. मी हात जोडून दाखवले. ते मान हलवत आपल्या खोलीत गेले आणि मी एका फॉर्मच्या पाठीमागं सगळं लिहायला बसले. पहिलं, चाळीस सेकंद. दुसरं, चार मिनिटं पन्नास. तिसरं, चार मिनिटं वीस. चौथं, सहा मिनिटं तीस. पाचवं, पाच मिनिटं चाळीस. सहावं, तीन मिनिटं दहा. पेशंटला असं काही लिहून दिल्याचं मी कधी ऐकलेलं नव्हतं.

अण्णांनी कागद लांब धरून वाचला. बोटांतून दोनदा निसटला, दोनदा मीच उचलून दिला. तोंडातल्या तोंडात बेरीज केली आणि मान डोलावली.

"बरोबर आहे. पण हे वेळापत्रक अर्धं आहे. नुसत्या वेळा आहेत, थांबे कुठायत? घे लिहून. पहिल्यापुढं लिही, स्टँडातून बाहेर. कोल्हापूर स्टँड. दुसऱ्यापुढं बांबवडे. तिसऱ्यापुढं मलकापूर. चौथं मोठं आहे, तो घाट. आंबा घाट उतरून साखरपा. पाचवं पाली. सहावं रत्नागिरी. कोल्हापूर-रत्नागिरी, सकाळी सव्वासातची. अकरा वर्षं केली मी ती गाडी."

"म्हणजे तुम्ही आत बसून रत्नागिरीला जाणार?"

"झोपून," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. पद्माक्कांनी पदर तोंडाला लावला.

मी त्यांना परत झोपवलं. कानाला हेडफोन लावला, मान पिंजऱ्यात बसवली आणि उजव्या हातात रबरी फुगा दिला. हा फुगा सगळ्यांना देतात. घाबरलात तर दाबा, बाहेर भोंगा वाजतो आणि आम्ही धावत येतो. तोच त्यांनी मघाशी दाबला होता. उजव्या मुठीत त्यांचा जोर अजून शाबूत होता.

"ही तुझी बेल," अण्णा म्हणाले.

"हो, पण घाबरलात तरच..."

"थांब, थांब. तू कुठं बसतेस?"

"तिकडं, काचेपलीकडे."

"तुला मी दिसतो?"

"तुमचे पाय दिसतात."

"मला तर तू अजिबात दिसत नाहीस. मग झालं की! आमचा ड्रायव्हर होता इस्माईल नदाफ. बावीस वर्षं बरोबर. त्याला मागं गाडीत काय चाललंय ते दिसायचं नाही आणि गर्दी असली की मला पुढचा रस्ता दिसायचा नाही. मधे फक्त बेल. सिंगल वाजली की तो थांबणार. डबल वाजली की निघणार. पुढं आमदार बसलेला असू दे नाहीतर कलेक्टर, माझी डबल बेल झाल्याशिवाय इस्माईल गाडी हलवायचा नाही. कळलं?"

मला कळलं, पण गंमत वाटत होती. "म्हणजे तुम्ही फुगा दोनदा दाबल्याशिवाय मी मशीन चालू करायचं नाही?"

"सुरू करायचं नाही. आणि माझी सिंगल आली की थांबायचं. मधे काही विचारायचं नाही, समजवायचं नाही. थांबायचं."

"कबूल."

"आणि दोन मिनिटं म्हणायचं नाही."

"ते पण कबूल."

एक अडचण होती. फुगा एकदा दाबला की भोंगा वाजतच राहायचा. मी इकडचं लाल बटण दाबून तो बंद केला, तरच दुसऱ्यांदा वाजणार. मी तसं सांगितलं. अण्णा म्हणाले, "चालेल. मी एक मारतो, तू बंद कर, मी दुसरी मारतो. करून बघू."

आम्ही करून बघितलं. भोंगा वाजला, मी बंद केला, परत वाजला, परत बंद केला. दुसऱ्या वेळी डॉक्टर सरनोबत हातात चहाचा कप घेऊन धावत आले, कारण भोंगा त्यांच्याही खोलीत वाजायचा.

"काय झालं? पेशंट कसा आहे?"

"काही नाही सर, गाडी सुटायची बेल आहे."

सरांच्या बशीत चहा सांडला होता. त्यांनी माझ्याकडे, मग काचेतून अण्णांच्या पायांकडे बघितलं आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "चालू दे. बघू तरी हा तमाशा."

मी माईक दाबला. "अण्णा, कोल्हापूर स्टँड. चाळीस सेकंद. तुमची बेल येऊ दे."

भोंगा. बटण. भोंगा. बटण. मी मशीन सुरू केलं.

खटाक् खटाक् सुरू झालं. चाळीस सेकंद संपले. मी सांगितलं, "बाहेर पडलो. आता बांबवडे, चार मिनिटं पन्नास." जरा वेळ शांतता. मग डबल बेल आली. मी काचेतून त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. मघाशी तो अंगठा सारखा वळवळत होता. आता निवांत होता. स्क्रीनवर मानेचे मणके एकाखाली एक उमटायला लागले, आणि काय सांगू, इतके स्वच्छ की सर पुढं वाकले.

"हलतच नाही हा माणूस," ते म्हणाले.

"बोलू नका सर, बांबवडे यायचंय अजून."

बांबवडे आलं. मलकापूर आलं. प्रत्येक वेळी मी पुढच्या थांब्याचं नाव आणि वेळ सांगायचे, आणि डबल बेल येईपर्यंत हात बांधून बसायचे. एकदा बेल यायला चांगलं अर्धं मिनिट लागलं. सर म्हणाले, "कर ना सुरू, झोपला असेल." मी म्हटलं, "बेल नाही झाली सर." मग माईकवरून अण्णाच बोलले, "थुंकी गिळत होतो. चला." आणि डबल बेल.

घाट आला. साडेसहा मिनिटं. मला धाकधूक होती, कारण चौथा आवाज फार कर्कश असतो आणि तिथंच बरेच पेशंट हात टेकतात. अण्णा घाट असा उतरले की मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. बाहेर दारापाशी पद्माक्का उभ्या होत्या. मी हातानं खूण केली, चार झाले. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले.

इथवर सगळं नीट चाललं होतं. पण मी गप्प बसले तर ती मी कसली? यश डोक्यात गेलं माझ्या. पाचवं सुरू झालं, साखरपा ते पाली. सर्जनला सगळ्यात जास्त हवे होते ते हेच फोटो, मानेचे आडवे काप. पाच मिनिटं चाळीस सेकंद. अर्धं होत आलं तेव्हा मला वाटलं, अण्णांना जरा करमणूक करून द्यावी. शाळेच्या सहलीला मी एकदा त्याच रस्त्यानं गणपतीपुळ्याला गेले होते. ती सगळी हुशारी मला नेमकी तेव्हाच आठवली. मी माईक दाबला आणि झोकात म्हटलं, "अण्णा, अर्धं अंतर आलं. नाणीज गेलं. आता दाभोळे येईल."

"अगं दाभोळे आधी!" बोगद्यातून गर्जना झाली. "दाभोळे आधी येतं, नाणीज मागनं! उलटी कुठं चाललीस?"

आणि बोलताना माणूस मान हलवतो. स्क्रीनवरचे फोटो फराफर पुसल्यासारखे झाले. एकाही कापात धड काही दिसेना.

सरांनी कपाळावर हात मारला. मी माईकवरचा हात असा काढला की जणू चटका बसला होता.

आवाज संपला. आत शांत झालं. अण्णांना वाटत होतं पाली आलं, आता फक्त रत्नागिरी.

सर माझ्या कानाशी आले. "पाचवं परत घ्यावं लागेल. त्याच्याशिवाय उपयोग नाही. पण ऐक, सांगू नकोस त्याला. शेवटचं म्हणून हे चालव, आणि मग म्हण अजून एक छोटंसं राहिलं. इतका वेळ राहिलाय, राहील. परत मागं जायचं म्हटलं की बिथरेल. आणि एकदा बाहेर आला तर परत आत जायचा नाही."

सर बोलले ते चुकीचं नव्हतं. तीन वर्षं मी तेच करत आले होते. बावीस मिनिटं माणूस त्या नळकांड्यात पडून होता. दमेकरी, मान जखडलेली, पाठ अवघडलेली. आता त्याला मागं साखरप्याला न्यायचं, तेही माझ्या तोंडाळपणापायी. तो नाही म्हणाला असता तर त्याचं काय चुकलं असतं? आणि तो नाही म्हणाला असता तर ऑपरेशन नाही, आणि काही महिन्यांनी तो पायाचा अंगठा हलायचाही थांबला असता. काचेतून मला त्याचे दोन पाय दिसत होते आणि दारात पद्माक्का दिसत होत्या.

मी माईक दाबला.

"अण्णा, ऐका. चूक झाली. माझी झाली. मी मधे बोलले, तुम्ही उत्तर दिलंत, मान हलली. पाचवे फोटो सगळे बिघडले. ते परत घ्यावे लागतील. पाच मिनिटं चाळीस सेकंद. मग शेवटचं तीन मिनिटं दहा. आठ मिनिटं पन्नास सेकंद अजून. ह्यापेक्षा एक सेकंद जास्त नाही आणि मी एक अक्षर मधे बोलणार नाही. नको असेल तर सिंगल बेल मारा. आत्ता बाहेर काढते, काही समजवत बसणार नाही."

सरांनी डोळे मिटून घेतले.

पाय निश्चल. मशीनचा नेहमीचा चुकचुक आवाज तेवढा चालू. मी सेकंद मोजायला गेले आणि माझा हिशोबच चुकला.

मग भोंगा वाजला.

एकदा.

भोंगा वाजत राहिला आणि माझा हात बटणाकडे जाईना. बटण दाबलं आणि पुढं काही वाजलंच नाही तर? सिंगल बेल. कबूल केलं होतं मी, सिंगल आली की थांबायचं, विचारायचं नाही. सर म्हणाले, "दाब ना, काय बघतेस?" मी बटण दाबलं.

शांत झालं.

आणि दुसरी बेल वाजली. ठणठणीत, लांब, आधीच्या सगळ्यांपेक्षा लांब. जणू स्टँडावरच्या सगळ्यांना ऐकू जावी अशी.

"अगं बाई!" मी ओरडलेच. बरं झालं, माईक बंद होता.

पुढची आठ मिनिटं पन्नास सेकंद मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. अण्णांची बेल आली तेवढ्यापुरते काढले. पाचवं आलं, काचेसारखं लख्ख. सहावं आलं. मी टेबल बाहेर घेतलं तेव्हा पिंजऱ्यातून अण्णा म्हणाले, "पोरी, कोकणात जायचं असेल तर मला विचारून जात जा."

"चुकलंच अण्णा."

"चुकलं तर चुकलं. सांगितलंस ना!"

मी त्यांना उठवून बसवलं. पाठ चोळली. पाणी दिलं, ग्लास माझ्याच हातात धरला. पद्माक्का आत आल्या आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या. सर बाहेर त्यांच्या खोलीत फोटो बघायला गेले होते. अण्णा मानेला हात लावत जरा वेळ बसले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता एक सांग. काय दिसलं?"

आमच्या कामात हे एक पक्कं असतं. फोटो काढायचे, तोंड उघडायचं नाही. अर्थ लावायचा तो डॉक्टरांनी. म्हणून असं कुणी विचारलं की आम्ही सगळ्या एकच बोलतो, "काही नाही हो, सगळं ठीक असेल." माझ्या जिभेवर ते आलंही होतं. आणि मी तर बघितलं होतं. मज्जारज्जू कुठं आणि किती दाबला गेलाय ते माझ्यासारखीलाही कळत होतं.

"अण्णा, ते मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "तो माझा अधिकार नाही. डॉक्टर संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देतील आणि सर्जन नीट समजावतील. पण काही नाही असं मी म्हणणार नाही."

पद्माक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं, गप्प बस म्हणून.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचे खांदे खाली आले आणि ते चक्क हसले, मोकळे, पोटातून. बाहेरच्या बाकावरचे लोक वाकून आत बघायला लागले.

"ऐकलंस पद्मा? आहे! काहीतरी आहे! मी आठ महिने म्हणत होतो की नाही?"

"अहो, मग हसताय काय?"

"अगं, मग काय करू? मला वाटायला लागलं होतं माझंच डोकं फिरलंय. हात चालत नाहीत, पाय चालत नाहीत, आणि जो तो म्हणतोय काही नाही. चल, ऊठ, त्या सर्जनला फोन लाव. म्हणावं रिपोर्ट आला की येतो. काय कापायचंय, किती तास लागतील, त्यातलं काय बिघडू शकतं, सगळं सांग म्हणावं. मग करू ऑपरेशन. करू की! कोण नको म्हणतंय?"

आठवड्याभरात ऑपरेशन झालंही, आणि चांगलं झालं. पण ते सगळं नंतर.

तेव्हा अण्णा माझ्या खांद्याला धरून बाहेर बाकावर जाऊन बसले आणि शेजारच्या बाईला सांगायला लागले, घाबरू नका हो, पण पंचवीस मिनिटं लागतात. पद्माक्का आतच थांबल्या होत्या, मशीनच्या टेबलाला टेकून. आधी मला वाटलं रागावल्यात. बघते तर डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

"अक्का, मी नको ते बोलले का?"

त्यांनी मान हलवली. पदरानं डोळे पुसले, परत भरले, परत पुसले.

"रोज म्हणायचे मी त्यांना," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ. काही नाही हो तुम्हाला, काही नाही. मुलांनाही सांगून ठेवलं होतं, तसंच म्हणायचं." आणि मग माझ्याकडे बघून, हसावं का रडावं ते न कळून, "बाई गं, मी त्यांना धीर देत होते."